पानामागे आकाश नको, अंधार हवा

प्रश्न : सकाळी सूर्य झाडामागे असतो तेव्हा पानं आतून पेटल्यासारखी दिसतात. फोटोत मात्र झाड काळंठिक्कर येतं. उजेड वाढवला तर आकाश पांढरंफटक होतं आणि पानांच्या कडांना जांभळी रेघ दिसते. वर कुठेतरी हिरवे-गुलाबी गोल ठिपकेही उमटतात. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमची नजर चुकत नाहीये, पानं खरंच तशी पेटलेली असतात. समोरून ऊन पडलेल्या पानाच्या तुकतुकीत पृष्ठभागावर आकाशाची झळाळी असते आणि तिच्याखाली पानाचा रंग फिका पडतो. ऊन मागून आलं की ते पानाच्या आतून गाळून येतं. हरितद्रव्य त्यातला तांबडा आणि निळा भाग शोषून घेतं, उरतो तो पोपटी उजेड आपल्याकडे येतो. म्हणून कोवळी, पातळ पालवी सगळ्यात जास्त उजळते आणि जून, जाड पान तेवढं उजळत नाही.

आता कॅमेऱ्याचं. त्याचं मीटर चौकटीतल्या उजेडाचा अंदाज घेऊन सगळं मधल्या करड्या छटेच्या आसपास आणून ठेवतं. चौकटीत निम्मं आकाश असेल तर मीटर बिचकतं आणि फोटो अंधारा करतं. तुम्ही पानासाठी आलाय हे त्याला कुठून कळणार? यावर बहुतेक जण प्लस-मायनसचं बटण फिरवत बसतात. तुम्हीही तेच केलंत, आणि आकाश गेलं. पूर्ण पांढरं झालेलं आकाश नंतर संगणकावर परत आणता येत नाही, रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) असली तरी. जांभळी रेघही तिथूनच येते : अतिउजेड आकाश आणि काळी कड एकमेकांना जिथे भिडतात तिथे लेन्स सगळे रंग एका जागी आणू शकत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं बटणाबद्दल नाही, पायांबद्दल आहे. जागा बदला. थोडं बाजूला व्हा, खाली बसा, आणि उजळलेल्या पानांच्या मागे सावलीतली झाडी, एखादा काळपट बुंधा किंवा डोंगराची सावलीतली बाजू येईल असं बघा. पान तेच, ऊन तेच, पण मागे अंधार आला की चित्र पालटतं. आता मीटर उलटी चूक करेल, म्हणजे अंधार बघून फोटो नको तेवढा उजळ करेल. तेव्हा त्याच प्लस-मायनसच्या बटणाने एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, मायनस एकपर्यंत खाली आणा. स्पॉट मीटर (चौकटीतल्या एका लहान ठिपक्यापुरताच उजेड मोजणारं) असेल तर थेट उजळलेल्या पानावर धरा आणि तिथून अर्धा-पाऊण स्टॉप वर जा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मोबाइलवर पानावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेडाला कुलूप लागलं की उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवू नका, सकाळचा सोनेरीपणा तो पुसून टाकतो. डेलाइट ठेवा.

मी एकदा अशाच एका डहाळीसमोर अर्धा तास गुडघ्यांवर बसले होते. मागे ओढ्याचा सावलीतला काठ होता. एका पानाच्या पलीकडच्या अंगाला अळी होती. ती मला दिसत नव्हती, पण तिची सावली पानातून दिसत होती, पुढच्या बारक्या पायांसकट, आणि कुरतडलेल्या कडेवर उन्हाची बारीक किनार. समोरून ऊन असतं तर ते नुसतं एक किडकं पान दिसलं असतं.

ठिपक्यांचं उत्तर सोपं आहे. सूर्याचा उजेड लेन्सच्या काचांमध्ये इकडून तिकडे परावर्तित होतो, त्याच्या त्या खुणा. लेन्ससमोर संरक्षक फिल्टर लावला असेल तर तो आधी काढा. मी दोन वर्षं लेन्सला दोष देत होते, दोष त्या चपट्या काचेचा निघाला. काच स्वच्छ पुसा, बोटाचा एक ठसा पुरतो. सूर्य चौकटीबाहेर असेल तर हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी झापड) किंवा तळहाताची सावली कामाला येते. चौकटीत असेल तर दोन्ही निरुपयोगी, मग त्याला फांदीमागे लपवा. सूर्याची रुंदी आकाशात जेमतेम अर्धा अंश, त्यामुळे १० मीटरवरची ९-१० सेंटिमीटर जाडीची फांदीही त्याला झाकते. पण साधारण २ मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. ट्रायपॉड लावून निवांत बसलात तर तो निसटलाच म्हणून समजा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते : आरशाच्या कॅमेऱ्याच्या (डीएसएलआरच्या) व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, सूर्याकडे बघू नका, मोठ्या लेन्सने तर अजिबात नाही. डोळ्याला कायमची इजा होते. मागच्या पडद्यावर बघून चौकट जुळवा, आणि कॅमेराही सूर्यावर रोखून ठेवू नका.

प्रश्न : बुंध्याआडून सूर्याची चांदणी कशी काढतात?

उत्तर : अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) एफ/१६ इतकं लहान करा आणि सूर्याचा अगदी छोटा तुकडा बुंध्याच्या कडेबाहेर डोकावू द्या. त्याहून लहान एफ/२२ च्या मोहात पडू नका, सगळं चित्र मऊ पडतं. अपर्चर लहान-मोठं करणारी पाती सम असतील तर तेवढेच किरण दिसतात, विषम असतील तर दुप्पट : ८ पात्यांना ८, ७ पात्यांना १४. मोबाइलच्या अपर्चरला बहुधा अशी पाती नसतात, त्यामुळे तिथे ही चांदणी नीट येत नाही. तुकडा किती बाहेर हवा हे आधी ठरवता येत नाही. श्वास रोखून डोकं केसभर हलवत राहा आणि दहा-बारा फ्रेम घ्या. माझ्या त्यातल्या एक-दोनच जमतात.