एवढे पोलीस आणतात कुठून?

प्रश्न : आमच्या सोसायटीत सकाळी वॉकला येणाऱ्या ग्रुपमध्ये नेहमी एकच वाद. एक काका म्हणतात, सोव्हिएत रशियात सगळ्यांना नोकरी होती, घर जवळपास फुकट होतं, मग लोकांनी घाबरायचं कशाला? आणि कोट्यवधी लोकांवर नजर ठेवायला एवढे पोलीस आणणार कुठून?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : काकांनी प्रश्नातच उत्तर देऊन टाकलंय की! नोकरी आणि घर एकाच हातात, तिथेच तर सगळी मेख आहे. हे बघा, महापेच्या ऑफिसात तुमचं साहेबाशी वाजलं तर तुम्ही पेपर टाकून दुसरीकडे जाता, घरमालकाला त्याच्याशी काही घेणंदेणं नसतं आणि भाजीवाला तर विचारतसुद्धा नाही. तिथे साहेब, घरमालक, दुकानदार, पोराच्या कॉलेजचा प्रिन्सिपल सगळं सरकारच, आणि सरकारच्या डोक्यावर कम्युनिस्ट पक्ष. मग रोज दंडुका कशाला उगारायचा, फ्लॅटच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव खाली सरकवलं की माणूस आपोआप गप्प.

बरं, पोलीसही कमी नव्हते. रशियाच्याच गोटातल्या पूर्व जर्मनीचं उदाहरण घ्या, लोकसंख्या जेमतेम 1.6 कोटी, आणि 1989 मध्ये स्टासी या गुप्त पोलीस खात्यात पगारी माणसं साधारण 91,000, शिवाय खबरी सुमारे 1,89,000. खबरी म्हणजे कोण, तर शेजारी, ऑफिसातला मित्र, एखाद्या घरात तर चक्क नवरा. रशियात 1932 पासून देशातल्या देशात फिरायलाही पासपोर्ट, आणि सामूहिक शेतीवरच्या बहुतेक शेतकऱ्यांना तो 1974 पर्यंत मिळतच नव्हता, म्हणजे शहरात कामाला जायचं तर आधी परवानगीचा कागद आणा.

आणि तरीही कोणी उठलंच तर काय व्हायचं, त्यासाठी दक्षिण रशियातलं नोवोचेरकास्क बघा. जून 1962. सरकारने मांस 30 टक्के आणि लोणी 25 टक्के महाग केलं, नेमकं त्याच वेळी तिथल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात कामाचं टार्गेट वाढवल्यामुळे हातात पडणारा पगार घटला होता. कामगार डायरेक्टरकडे गेले तर तो म्हणे, मांस परवडत नसेल तर सारण भरलेले पाव खा! संप झाला. दुसऱ्या दिवशी हे लोक लाल झेंडे आणि लेनिनचे फोटो घेऊन मोर्चाने निघाले (म्हणजे तक्रारसुद्धा पक्षाच्याच भाषेत करायची, दुसरी भाषा शिल्लकच कुठे होती) आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. 26 माणसं गेली, पुढे 7 जणांना मृत्युदंड, प्रेतं घरच्यांना न देता वेगवेगळ्या स्मशानांत गुपचूप पुरली. आणि पेपरात? एक ओळ नाही, देशाला हे कळायला 1980 च्या दशकाची अखेर उजाडली.

पण गंमत म्हणजे सरकारही टरकलं होतं. सरकारी दुकानातले मांसाचे भाव त्यानंतर 1991 पर्यंत वाढवायची हिंमत झाली नाही. भाव कागदावर स्वस्त, दुकानात माल नाही, बाहेर ही लांबलचक रांग. काकांना सांगा, ती स्वस्ताई अशी होती.

प्रश्न : उत्तर कोरियातही आपल्यासारखी नोटबंदी झाली होती म्हणे. कशासाठी?
– एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : झाली होती, पण रोख वेगळा होता. 1990 च्या दशकातल्या दुष्काळात सरकारी रेशन कोलमडलं तेव्हा लोकांनी, त्यातही बायकांनी, छोटे बाजार सुरू केले आणि चार पैसे गाठीला बांधले. आता ज्याच्याकडे स्वतःचा पैसा आहे तो रेशनच्या दुकानाला का भीक घालेल? म्हणून नोव्हेंबर 2009 अखेर जाहीर केलं की 100 जुन्या वॉनला (वॉन म्हणजे तिथलं चलन) 1 नवा, आणि बदलून मिळणार फक्त 1 लाख जुन्या वॉनपर्यंत, वरची सगळी बचत रद्दी. लोक एवढे भडकले की सरकारला मर्यादा वाढवावी लागली, बाजारात भाव भडकले ते वेगळंच, आणि काही महिन्यांत ते बंद पाडलेले बाजारही पुन्हा चालू द्यावे लागले, कारण रेशनवर द्यायला धान्यच नव्हतं.