बचावपटू गुणतक्त्यात पहिला कसा?

प्रश्न : आइस हॉकीत बचावपटूचे काम गोल अडवण्याचे, मग बॉबी ऑरचे नाव सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांत कसे, आणि त्याची कारकीर्द इतक्या लवकर का आटोपली?

उत्तर : या खेळात गोल करणाऱ्याबरोबरच त्याआधी पक (खेळातली रबरी चकती) पुरवणाऱ्या जास्तीत जास्त दोन सहकाऱ्यांनाही प्रत्येकी एक गुण मिळतो. ऑरच्या आधीचे बहुतेक बचावपटू पक आघाडीच्या खेळाडूंकडे सोपवून मागे थांबत. 1966मध्ये बोस्टन ब्रुइन्सकडून खेळू लागलेला हा कॅनडियन तरुण मात्र पक घेऊन स्वतःच प्रतिस्पर्ध्यांच्या गोलपर्यंत मुसंडी मारी, आणि चाल फसलीच तर आपल्या वेगाच्या बळावर वेळेत माघारी येई. 1969-70च्या हंगामात 120 गुणांसह तो एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये अव्वल ठरला, 1974-75मध्ये पुन्हा. दुसऱ्या कोणत्याही बचावपटूला हे साधलेले नाही. 10 मे 1970 रोजी जादा वेळेत स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकून देणारा गोल करताच सेंट लुईसच्या खेळाडूने त्याला पाडले. हवेत आडव्या झालेल्या ऑरचे ते छायाचित्र आपणही कदाचित पाहिले असेल.

कारकीर्द लवकर आटोपली ती डाव्या गुडघ्याच्या दुखण्याने. दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया तेव्हा रुळलेली नसल्याने गुडघा वारंवार उघडावा लागला. तरीही 1976च्या कॅनडा कप या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे आम्हांला हंगामातील सर्वोत्तम बचावपटूला मिळणाऱ्या त्याच्या आठ नॉरिस करंडकांहूनही थोर वाटते. शिकागोकडून मोजकेच सामने खेळून 1978मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला.