रागावण्याआधी घड्याळ बघ

प्रिय बाळा,

रात्री पावणेतीनला पाठवलेला तुझा निरोप सकाळी वाचला. ‘काका, कुत्र्याचं पिल्लू घरी आणून दहा दिवस झाले, सलग झोप नाही. हातभर ओरखडे आहेत. आज मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो टेबलाखाली जाऊन बसला. परत देऊ का त्याला?’ शेवटचं वाक्य तू दोनदा तरी पुसून पुन्हा लिहिलं असणार.

तू ओरडलीस तेव्हा किती वाजले होते? किती वेळ जागा होता तो? त्याला बाहेर शेवटचं कधी नेलं होतंस? एवढ्या लांबलचक निरोपात एकही वेळ नाही. दात आहेत, भिजलेला गालिचा आहे, तुझं रडणं आहे, घड्याळ कुठेच नाही. पिल्लाच्या बाबतीत मी आयुष्यात एकच गोष्ट शिकलो आणि तीच तुला या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: रागावण्याआधी घड्याळ बघ.

एवढंसं पिल्लू दिवसातले 18 ते 20 तास झोपतं. तू लिहितेस की संध्याकाळी सातनंतर त्याच्या अंगात येतं, घरभर धावतो, कपडे ओढतो, जवळ घेतलं तर आणखीच चावतो. मग त्याला दमवायला म्हणून तू आणखी चेंडू फेकतेस. अगं, तो दमलेलाच आहे! झोप अनावर झाली की तान्हं मूल किरकिरतं, हा चावतो. तासभर जागा राहिला की त्याला शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात ने, शेजारी बस आणि काही बोलू नकोस. चावणं एकदम थांबणार नाही. त्याचे 28 दुधाचे दात सुईसारखे आहेत, ते चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतील आणि सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत 42 पक्के दात येतील. तोवर हात चावला की खेळ थांबव आणि चावायचं खेळणं तोंडात दे. पण सातनंतरचा तो धुमाकूळ झोपेचा आहे, स्वभावाचा नाही.

गालिच्याचंही तेच. ढोबळ हिशेब असा, की जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके तास ते लघवी धरू शकतं, फार तर एखादा तास जास्त. तुझा नऊ आठवड्यांचा आहे, म्हणजे दोन तास. झोपून उठला की बाहेर, खाऊन झालं की बाहेर, खेळून झालं की बाहेर. बाहेर केली की त्याच क्षणी खाऊ आणि कौतुक, घरात आल्यावर नाही. तू चार तास बैठकीत होतीस आणि त्याने गालिच्यावर केली. यात त्याची चूक मला दाखव.

‘पण त्याला कळतं काका, चेहराच अपराधी होतो,’ असं तू लिहिलंस. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 साली नेमकं हेच तपासलं. तो अपराधी चेहरा कुत्र्याने चूक केली म्हणून नव्हे, तर मालक रागावला म्हणून दिसत होता. काहीही न करता बोलणी खाल्लेली कुत्रीसुद्धा तसाच चेहरा करत होती. तुझ्या पिल्लाला गालिचा आठवत नाही, त्याला तुझा आवाज ऐकू येतो.

हे मला माझ्या राजाच्या वेळी कुणी सांगितलं नाही. मी सव्वीस वर्षांचा होतो. घरात केली की त्याचं नाक त्यात लावायचं आणि गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा फटका द्यायचा, हीच शिस्त समजली जायची. तेव्हा सगळेच तसं करत. या वाक्याचा आधार मी बरीच वर्षं घेतला आणि ते खोटंही नाही. पण वर्तमानपत्र माझ्या हातात होतं. राजा काय शिकला? घरात करू नये हे नाही, या माणसासमोर करू नये एवढंच. बाहेर नेलं की अर्धा अर्धा तास माझ्याकडे बघत उभा राहायचा आणि घरी येऊन कपाटामागे करायचा. मी त्याला हट्टी ठरवलं. तेरा वर्षं जगला तो. शेवटच्या वर्षापर्यंत, मी सकाळी वाचायला वर्तमानपत्र उघडलं की तो उठून खोलीबाहेर जायचा.

पहिल्या रात्री त्याला स्वयंपाकघरात कोंडून दार लावलं होतं, तेही मीच. आई आणि भावंडांच्या उबेतून आलेलं पिल्लू रडणारच. नंतरची तिन्ही पिल्लं माझ्या खाटेशेजारी खोक्यात झोपली. ती रडली की मला हात खाली सोडता येत असे. घरचे म्हणतात, मी कुत्री डोक्यावर बसवली. म्हणोत. त्या तिघांपैकी एकालाही एकटं राहायची भीती वाटली नाही आणि माझ्या हाताचीही नाही. मी बरोबर होतो, आजही हेच म्हणेन.

आणखी एक, कारण यात उशीर चालत नाही. तीन ते साधारण चौदा आठवड्यांच्या काळात पिल्लू जगाची ओळख करून घेतं, तेव्हा न भेटलेल्या गोष्टींना पुढे घाबरतं. तुझ्याकडे पाचच आठवडे उरलेत. लसी पूर्ण झालेल्या नाहीत म्हणून इतर कुत्री फिरतात तिथे त्याला खाली सोडू नकोस, पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. पण म्हणून घरात कोंडूही नकोस. कडेवर घे आणि छत्र्या, दाढीवाली माणसं, सायकली, लहान मुलं, गाड्यांचे आवाज सगळं लांबून दाखव. घाबरला तर मागे फिर.

परत द्यायचं का? देणारा प्रत्येक जण निर्दय असतो असं मी मानत नाही. पण हा प्रश्न पावणेतीनला सोडवायचा नाही. तिथेही घड्याळ बघ. दहा दिवस न झोपलेल्या माणसाने कुणाच्याच आयुष्याचा निर्णय घेऊ नये. घरातल्या कुणाला तरी आज एक रात्र त्याच्याजवळ झोपायला सांग आणि तू दुसऱ्या खोलीत जाऊन झोप.

मग एक वही घे. आठ दिवस फक्त वेळा लिही: कधी उठला, कधी खाल्लं, कधी केली, कधी चावला. तुला काय वाटलं ते लिहू नकोस. रविवारी वही घेऊन घरी ये, आपण दोघं बसून बघू. त्यालाही आण, कडेवर. सध्या माझ्याकडे कुत्रं नाही, खाटेशेजारची जागा रिकामीच आहे.

तुझा,
काका