उकळलेल्या दुधातूनही उलट्या? किटलीचा सांधा बघा

खानापूर भागातून विचारणा आहे: दूध चांगलं उकळून प्यायलो, तरी तीन तासांत चौघांना उलट्या झाल्या. निपाणीकडची दुसरी: म्हशीची दगडी (कासेची सूज) सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबने बसते, महिन्याभरात परत उठते, दुकानदार दुप्पट डोस द्या म्हणतो.

दोन्हींचं मूळ बहुधा एकच, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हा जंतू किटलीच्या सांध्यात, झाकणाच्या रबरात आणि कासेतही बुळबुळीत थर करून राहतो. त्यालाच बायोफिल्म म्हणतात. थरातून सुटलेले जंतू कोमट दुधात वाढतात आणि विष सोडतात. उकळल्यावर जंतू मरतो, विष मरत नाही. म्हणून धार काढल्यावर दूध तास-तास तसंच ठेवू नका, लगेच डेअरीला घाला नाहीतर थंड करा.

दुप्पट डोस देऊ नका. थराखालचा जंतू एरवीच्या कितीतरी पट औषध पचवतो, मरतो तो वरचा. दुकानदाराची ट्यूब खपते, दगडी राहते आणि औषधाचा अंश दुधात उतरतो. आधी दुधाचा नमुना पशुवैद्यांकडे द्या, मग ते सांगतील तीच ट्यूब, तेवढेच दिवस. अर्ध्यावर सोडणंही तितकंच वाईट. जनावर आटवताना, म्हणजे धार बंद करताना, विण्याआधी साधारण दोन महिने, शेवटच्या धारेनंतर चारही सडांत औषध सोडायचं का, हे त्यांना जरूर विचारा. ती वेळ बहुतेक जण चुकवतात.

आता किटली. ‘ब्लीचिंग जास्त टाका’ हाही दुकानातलाच सल्ला. घाणीवर क्लोरीन वाया जातं. किटली रिकामी झाली की आधी कोमट पाण्याने विसळा. उकळतं पाणी पहिल्यांदा ओतलंत तर दूध शिजून पत्र्याला चिकटतं. मग धुण्याचा सोडा आणि ब्रश. सांधा घासा, रबर काढून घासा. घासल्याशिवाय थर निघत नाही, हे मी गोठ्यागोठ्यात सांगत आलोय. त्यानंतरच १० लिटर पाण्यात ६ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, दोन मिनिटं. विसळून किटली उन्हात पालथी घाला. ओली झाकून ठेवलीत तर रात्रीत थर परत धरतो. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

पहिली धार रोज काळ्या फडक्यावर काढून बघा. गुठळी दिसली तर त्या सडाचं दूध वेगळं काढा, ते जनावर शेवटी पिळा.

सहकारी डेअरीच्या दुधावर कर्नाटक सरकारचं लिटरमागे प्रोत्साहन आहे. आधार बँक खात्याला जोडलेलं हवं, बाकी संघाच्या सचिवांना विचारा.