उसैद नावाचा माग काढताय? मग आधी एवढंच बघा

बाळासाठी उसैद हे अरबी नाव निवडलंत, छान केलंत. पण नावांच्या यादीतल्या अर्थावर लगेच विसंबू नका. तिथे निम्मी नावं 'शूर' असतात, उरलेली 'देखणी'.

१. आधी अरबी अक्षरं मिळवा: अलिफ, सीन, या, दाल. नवखे इथेच फसतात. सीनच्या जागी साद ('स'सारखंच ऐकू येणारं दुसरं अरबी अक्षर) धरलात तर गाडी शिकारीवर जाते, कारण 'सैद' म्हणजे शिकार. 'सईद'शीही नातं नाही. त्यात ऐन हे वेगळं अक्षर आहे.

२. मग शब्दाचा साचा. असद म्हणजे सिंह, त्याचं लहान, लाडकं रूप उसैद. हसनचं हुसैन होतं तसंच. आपण छावा म्हणतो ना, साधारण तोच भाव.

३. या नावाचा प्रसिद्ध माणूस: उसैद इब्न हुदैर, मदिनेतल्या औस टोळीचे सरदार आणि पैगंबरांचे सहकारी. कुराणपठणासाठी नावाजलेले.

लोकप्रियता बघताना मात्र जपून. रोमन लिपीत हे नाव अनेक तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे मोजणी विखुरते. अमेरिकेच्या सरकारी यादीत तर वर्षात ५ पेक्षा कमी बाळांना दिलेलं स्पेलिंग दिसतच नाही. यादीत नाही म्हणजे कोणी ठेवत नाही, असं नव्हे.

व्याकरणाचे बाकी बारकावे सध्या राहू द्या.