ख्रिसमसवाली जुनी हॉरर कॉमिक्स जमवायची आहेत, सुरुवात कुठून करू? आणि स्लॅब केलेलाच, म्हणजे तपासून ग्रेड देऊन कडक प्लास्टिकमध्ये सील केलेलाच अंक घ्यावा का?

सुरुवात 'व्हॉल्ट ऑफ हॉरर'च्या ३५व्या अंकापासून करा, ईसी कॉमिक्स, १९५४. त्यात जॉनी क्रेगने काढलेली 'अँड ऑल थ्रू द हाऊस' आहे. ख्रिसमसच्या आदल्या रात्री बाईने नवऱ्याला मारलंय, बाहेर सँटाच्या कपड्यातला वेडा खुनी फिरतोय आणि घरात प्रेत पडलंय म्हणून तिला पोलिसांना बोलावता येत नाही. याच्या तोडीची ख्रिसमस भयकथा कॉमिक्समध्ये दुसरी नाही. शोधताना डिसेंबरचा अंक शोधू नका, त्याच्यावर फेब्रुवारी-मार्च छापलंय, कारण अंक स्टॉलवर शिळा वाटू नये म्हणून तेव्हा पुढची तारीख टाकायचे.

आता स्लॅब. मी न्यू जर्सीत राहतो, बारा वर्षांपूर्वी एका कॉमिक शोमध्ये हा अंक साडेचारशे डॉलरला घेतला. विकणाऱ्याने तोंडाने सांगितलं होतं की काहीही काम केलेलं नाही, सगळं ओरिजिनल आहे. मला घरी येऊन फक्त वाचायचा होता. पण आमचे दाजी म्हणाले वेडा आहेस का, हात लावू नकोस, आधी ग्रेडिंगला पाठव, प्लास्टिकमध्ये सील होऊन आला की किंमत दुप्पट. पाठवला. परत आला तो जांभळं लेबल लावून, म्हणजे रिस्टोअर्ड, कडा कापलेल्या आणि कव्हरवर रंग भरलेला. विकणाऱ्याने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. त्यावर दाजी काय म्हणाले माहितीये? "पाठवलाच नसता तर तसाच कुणाला तरी विकता आला असता." हे मला अजून लागतं. म्हणजे मी फसलो ते ठीक, फक्त पुढच्याला फसवायची संधी गेली म्हणून वाईट वाटायचं?

त्याच वर्षी २४ डिसेंबरला मी स्लॅब फोडला आणि मुलीला शेजारी बसवून अख्खा अंक वाचला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. शेवटच्या पानावर तिने माझा हात जो घट्ट धरला त्याची किंमत कुठल्या प्राइस गाइडमध्ये नाही. १० सेंटला पोरांनी वाचावा म्हणून छापलेला अंक आहे तो, सोन्याचं बिस्किट नाही.

घेण्याआधी त्याच सालचा दुसरा ईसी अंक शेजारी ठेवून आकार जुळवा. पानं पिवळी आणि कड मात्र पांढरी फटक दिसली तर कापलीये समजा. कव्हर आतल्या बाजूने उजेडात बघा, भरलेला रंग बऱ्याचदा तिथे उतरलेला दिसतो. अंक मायलारच्या (पॉलिएस्टर फिल्मच्या) पिशवीत अॅसिड-फ्री बोर्ड लावून ठेवा, साध्या प्लास्टिकमध्ये नको, तो कागद मुळातच अॅसिडवाला आहे, आपोआप पिवळा आणि ठिसूळ होत जातो. आणि घाई करू नका, खरे प्री-कोड, म्हणजे कोडच्या आधीचे अंक मोजकेच आहेत, १९५४च्या शरद ऋतूत कॉमिक्स कोड (प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली नियमावली) आला आणि नावात 'हॉरर', 'टेरर' लिहायलाच बंदी झाली, ईसीचे हॉरर अंक तिथेच संपले.

हां, अनोळखी माणसाकडून ऑनलाइन हजारभर डॉलरचा अंक घेणार असाल तर मात्र स्लॅबवालाच घ्या, तिथे माझा विरोध नाही, घरी आल्यावर फोडायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि नुसती गोष्टच वाचायची असेल तर डार्क हॉर्सचे ईसी आर्काइव्ह्ज आहेत, रंग नव्याने भरलेत, मला जुने आवडतात पण गोष्ट तीच.

माझा अंक अजून माझ्याकडेच आहे. दाजी दर ख्रिसमसला विचारतात, विकला का. ते जांभळं लेबल मी त्याच पिशवीत बोर्डच्या मागे ठेवलंय, उद्या माझ्यामागे मुलीने विकला तरी घेणाऱ्याला ते दिसेल.