‘क्रुसेड’ला ‘धर्मयुद्ध’ म्हणावं का?

क्रुसेड म्हणजे मध्ययुगीन युरोपात पोपच्या हाकेवरून निघालेली सशस्त्र ख्रिस्ती मोहीम. एका भाषांतरात ‘पोपनं धर्मयुद्ध पुकारलं’ असं वाक्य आलं. त्यावरून विचारणा अशी: क्रुसेडला धर्मयुद्ध म्हणणं बरोबर आहे का, महाभारतातलं धर्मयुद्ध ते हेच का, आणि ‘क्रूस’ या शब्दाशी याचं काही नातं आहे का?

शेवटचं सोपं, म्हणून आधी ते. नातं आहे, आणि सख्खं आहे. लॅटिन ‘क्रुक्स’, पोर्तुगीज ‘क्रूझ’, वसईच्या ख्रिस्ती घरांतला ‘क्रूस’, गोव्याच्या कोकणीतला ‘खुरीस’, मुंबईचं सांताक्रूझ ही सगळी एकाच घरची माणसं. (मराठी बायबलानं मात्र ‘वधस्तंभ’ पसंत केला.) क्रुसेडही त्याच कुळातलं. पंधराव्या शतकात पोर्तुगालनं सोन्याचं एक नाणं पाडलं, त्याचं नाव ‘क्रुझादो’. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) तुर्कांच्या हाती गेल्यावर पोपनं क्रुसेडची जी नवी हाक दिली, तिच्या निमित्तानं ते निघालं होतं.

गंमत अशी, की १०९६ साली पहिल्या क्रुसेडसाठी जेरुसलेमच्या वाटेला लागलेल्या लोकांनी ‘क्रुसेड’ हा शब्द ऐकलेला नव्हता. त्यांच्या लॅटिन लिखाणात येतात ते शब्द ‘इतेर’, म्हणजे वाट किंवा प्रवास, आणि ‘पेरेग्रिनातिओ’, म्हणजे चक्क तीर्थयात्रा. अंगावर क्रूस शिवलेला माणूस या अर्थाचा ‘क्रुकेसिग्नातुस’ रुळला तो बाराव्या शतकाच्या अखेरीस.

आता धर्मयुद्ध. संस्कृतात या शब्दाचा रोख ‘कशासाठी’पेक्षा ‘कसं’ यावर जास्त आहे. त्याचा विरुद्धार्थी शब्द कूटयुद्ध, म्हणजे कपटानं केलेली लढाई. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात नियम दिलेत: लपवलेल्या किंवा विषारी शस्त्रांनी मारू नये, हात जोडलेल्याला, निःशस्त्राला, ‘मी तुझाच’ म्हणणाऱ्याला मारू नये. गीतेतला ‘धर्म्य संग्राम’ थोडा वेगळा, तिथे क्षत्रियाचं कर्तव्य हा मुद्दा आहे. पण दोन्हीकडे ‘धर्म’ म्हणजे आजच्या शाळेच्या दाखल्यावरचा धर्म नव्हे. आपल्या कानांना हल्ली ‘धर्मासाठी केलेलं युद्ध’ असं ऐकू येतं, तो अर्थ शब्दावर नंतर चढलेला आहे. मनूच्या कसोटीला याच पहिल्या क्रुसेडमधला १५ जुलै १०९९ चा जेरुसलेमचा पाडाव लावून पाहा. शहर पडल्यावर मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची जी कत्तल झाली, तिला धर्मयुद्ध म्हणायला जीभ रेटत नाही.

खरी अडचण मात्र याहून खोल आहे. युरोपातही ‘धर्म्य युद्ध’ ही कल्पना होतीच. संत ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती विचारवंताच्या लिखाणातून ती आली: कारण न्याय्य हवं, हुकूम देणाऱ्याला अधिकार हवा, मनात सूड नको. ‘धर्म्य युद्ध’ हा शब्द तिला उत्तम बसतो. पण असं युद्ध फार तर क्षम्य होतं, पुण्यकर्म नव्हतं. १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई घ्या. तिच्यात इंग्लंड जिंकणारा नॉर्मंडीचा विल्यम पोपचा झेंडा घेऊन लढला, असं त्याचा चरित्रकार सांगतो. तरीही जिंकून आलेल्या नॉर्मन सैनिकांना नंतर बिशपांनी प्रायश्चित्त ठरवून दिलं आणि पोपच्या दूतानं त्याला दुजोरा दिला. मारलेल्या दर माणसामागे एक वर्ष. किती मारले ते आठवत नसेल, तर आयुष्यभर आठवड्यातला एक दिवस. तिरंदाजांना आपल्या बाणानं कोण मेलं हे कळणारच नाही, म्हणून त्यांना चाळीस दिवसांची व्रतं तीन. हिशेब बघून हसू येतं, पण त्यामागची समजूत स्वच्छ आहे: लढाई न्याय्य असली, तरी रक्त हाताला लागतंच.

नोव्हेंबर १०९५ मध्ये क्लेरमाँच्या धर्मसभेत पोप अर्बन दुसरा यानं हे समीकरण उलटं केलं. मान किंवा पैसा मिळवायला नव्हे, तर केवळ भक्तीनं जो ईश्वराच्या चर्चच्या मुक्तीसाठी जेरुसलेमला जाईल, त्याला तो प्रवासच सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल, असा ठराव झाला. लढाईनंतर प्रायश्चित्त घ्यायचं, त्याऐवजी लढाई हेच प्रायश्चित्त. माझ्या मते क्रुसेड या कल्पनेचा गाभा एवढाच आहे, आणि ‘धर्मयुद्ध’ या शब्दात नेमका तोच सांडतो. हे प्रायश्चित्त माफ करण्याचा अधिकार राजाकडे नव्हता, पोपकडे होता. म्हणून राजानं कितीही मोठी लढाई केली, तरी पोपच्या हाकेशिवाय तिला हे रूप येत नसे.

‘क्रूस घेणं’ हा वाक्प्रचारही मराठीत आणताना घसरतो. नुसतं चिन्ह लावणं नव्हे ते. चारचौघांत केलेला नवस. ‘विडा उचलणं’ जवळचं वाटतं, पण विडा उचलतो तो शूर सरदार. क्रूस शेतकऱ्यानंही घेतला. त्या अंगानं मला वारकऱ्याची माळ आठवते: एकदा गळ्यात पडली की माणूस बांधला गेला, आणि गावालाही ते दिसतं. अर्थात माळेबरोबर तलवार येत नाही आणि तुलना तिथेच संपते.

पुढच्या पोपांनी या नवसाभोवती पक्की व्यवस्था उभारली. १ डिसेंबर ११४५ च्या फर्मानात युजीन तिसरा यानं क्रूस घेणाऱ्याच्या बायकामुलांना व मालमत्तेला चर्चचं संरक्षण दिलं आणि कर्जावरचं व्याज माफ केलं. इनोसंट तिसरा यानं ११९९ मध्ये पाद्र्यांच्या उत्पन्नावर चाळिसाव्या हिश्श्याचा कर बसवला. १२१३ मध्ये त्यानं म्हातारे-दुबळे धरून कुणालाही क्रूस घ्यायची मुभा दिली. जाणं जमत नसेल, तर पैसे भरून नवसातून सुटता येई. चर्च पैसे घेऊन देई त्या ज्या पापमुक्तिपत्रांवर १५१७ साली जर्मन धर्मसुधारक लूथर उखडला, त्यांची एक मुळी इथे सापडते.

हाक पोपची असली, तरी लगाम त्याच्या हाती राहीच असं नाही. इनोसंटनं बोलावलेली फौज १२०२ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या झारा या ख्रिस्ती शहरावर तुटून पडली. त्यानं तिला बहिष्कृत केलं, तरी १२०४ मध्ये तिनं कॉन्स्टँटिनोपल लुटलं, तेही ख्रिस्ती. १२०९ पासून दक्षिण फ्रान्समधल्या पाखंडी ठरवलेल्यांविरुद्ध लढायलाही हेच पुण्य देऊ केलं गेलं, तेव्हा ‘ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान’ हा अर्थही शब्दाला पुरत नाही.

समोरची बाजू याला काय म्हणत होती? त्या काळच्या अरबी बखरकारांना हे लोक ‘इफ्रंज’, म्हणजे फ्रँक. ‘सलीबी’, म्हणजे क्रुसाची युद्धं, हे नाव अरबीत फार उशिरा आलं. तोच फ्रँक फारसीतून आपल्याकडे ‘फिरंगी’ होऊन आला आणि पोर्तुगिजांना चिकटला. परदेशी पात्याच्या तलवारीलाही आपण ‘फिरंग’ म्हटलं.

तर भाषांतरकारानं काय करावं? ‘क्रुसेड’ तसंच ठेवावं आणि पहिल्या उल्लेखाला ‘पोपच्या हाकेवरून निघालेली सशस्त्र यात्रा’ एवढं जोडावं. तुमच्या वाक्यातलं क्रियापद मात्र मला फार आवडलं. पोप क्रुसेड करत नसे, पुकारतच असे. पुढे प्रवचनकार गावोगाव ती हाक पोचवत. लिंगाबद्दल विचाराल, तर काही जण ‘मोहीम’च्या ओढीनं ‘पहिली क्रुसेड’ लिहितात. मी ‘पहिलं क्रुसेड’ लिहितो.